बिब्ब्याचे तीन ठिपके

धरणगावच्या कुंदाबाईला आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं. फक्त एकदाच फसवलं होतं, आणि त्या एका वेळेचा वचपा ती बावीस वर्षं साऱ्या जगावर काढत होती!

दूधवाल्याच्या कॅनमध्ये स्वतःचं बोट बुडवल्याशिवाय ती दूध घेत नसे. काड्यापेटी विकत घेतली की दुकानाच्या पायरीवरच काड्या मोजायला बसे. देवळात जाताना एक चप्पल पूर्वेच्या दाराशी काढी आणि दुसरी उत्तरेच्या. "चोर काय लंगडा शे का, एकच चप्पल लई जायाले?" असं ती वर विचारी. बरोबर बोलायची, काय सांगायचं!

ती एक वेळ म्हणजे तिचं स्वतःचं लग्न. जळगावला बस्ता फाडताना तिने हौसेने जांभळा शालू निवडला होता, वीतभर काठाचा. लग्नाच्या दिवशी सासरहून आला तोही जांभळाच, पण काठ दोन बोटांचा! "तोच शे तो," सासू म्हणाली. "शालू तो शालूच शे," नवरा झुलाल म्हणाला. सासू पुढे देवाघरी गेली. झुलालनाना मात्र ते वाक्य बोलून बसले आणि बावीस वर्षं त्याची शिक्षा भोगत होते.

तर सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात कुंदाबाईच्या भावाच्या मुलीचं, कोकिळाचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. कुंदाबाईने लगेच पदर खोचला.

"पितांबर, बस्ताले मी येसू! मना डोयासमोर कोन शालू बदलस ते देखसू!"

"अक्का, त्या लोके चांगला शेतस," पितांबर म्हणाला. भाऊ बिचारा गरीब स्वभावाचा.

"चांगला लोकेसवरच जास्ती नजर ठेवनी पडस!"

बस्त्याची रीत अशी, की दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात समोरासमोर बसून कपडे निवडतात. नवरदेवाचं कापड मुलीकडचे घेतात, नवरीचा शालू मुलाकडचे. म्हणजे शालू निवडायचा सगळ्यांच्या देखत, आणि नंतर महिनाभर तो मुक्काम करणार सासरच्या कपाटात! त्या महिन्यात काय काय होऊ शकतं, हे कुंदाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

तिने रात्रंदिवस डोकं लढवलं, आणि उत्तर सापडलं गावच्या परटाकडे. त्याच्याकडे शंभर घरचे कपडे येतात, पण याचं धोतर त्याच्या घरी कधी जात नाही. का? तर प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात तो सुईने बिब्ब्याच्या तेलाची खूण घालतो. त्या दिवशी ती दिसते न दिसते. दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट होते. मग कपडा झिजून फाटेल, पण खूण जायची नाही!

कुंदाबाईने चुलीवर बिब्बा तापवला, त्याचं तेल कुंकवाच्या रिकाम्या डबीत काढलं, सोबत एक सुई ठेवली आणि डबी कमरेच्या पिशवीत टाकली. नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. झुलालनानांना सांगणं आणि गावात दवंडी पिटणं, तिच्या लेखी एकच.

धुळ्याच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी अंथरलेली होती. शेठने चहा मागवला. समोर मुलाची आई बसली होती, पार्वताबाई. सुकडी बाई, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. ती प्रत्येक साडी उचलून ट्यूबलाइटसमोर धरी, जर नखाने खरवडून बघी, काठ ताणून बघी. कुंदाबाईच्या मनात पाल चुकचुकली. 'एवढं बारकाईने बघते, म्हणजे हिच्या पोटात काहीतरी आहे!' आणि पार्वताबाईही मधूनच चष्म्यावरून कुंदाबाईच्या हातांकडे बघत होती. एका दुधाच्या वाटीशी दोन मांजरी बसाव्यात, तशा दोघी बसल्या होत्या.

चाळीस साड्या उलगडल्यावर कोकिळाची नजर एका शालूवर खिळली. राणी रंग, मोराचे बुट्टे, वीतभर काठ. पोरीने तोंडाने काही म्हटलं नाही, पण हात त्यावरून काढेना.

"हाच घ्या," पार्वताबाई म्हणाली. "पोरीला आवडला ना? मग झालं."

'एका शब्दात कबूल?' कुंदाबाईचा संशय बळावला. 'घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही. ज्याला वस्तू द्यायचीच नसते, तो असंच पटकन कबूल करतो!'

मग चुडा आला. कुंदाबाईने बांगड्या दोनदा मोजल्या. जोडवी आली. तिने एक दाताखाली धरून बघितलं.

"अक्का, चांदीचंच आहे हो!" शेठ कळवळला.

"तुम्ही बनाडं का?"

"नाही."

"मग तुम्हाले काय माहित?"

शेठने दुसरं जोडवं हळूच स्वतःकडे ओढलं. त्याच गडबडीत कुंदाबाईने शालू मांडीवर ओढला. "जरा पदर देखस," असं म्हणत खाली वाकली आणि पदराच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूने, टक टक टक! ओळीने तीन ठिपके. वर बघते तर जाड भिंगं तिच्यावरच रोखलेली.

"काय सापडलं, विहीणबाई?"

"काही नही. जर झकास शे!"

झुलालनाना कोपऱ्यात पाच कप चहा पिऊन डुलक्या घेत होते. शालू धुळ्यात राहिला, नवरदेवाच्या सफारीचं कापड घेऊन मंडळी धरणगावला परतली. कुंदाबाई त्या रात्री बावीस वर्षांनी शांत झोपली.

पण शांतता टिकली नाही. आधी शिंपी म्हणाला, "अक्का, सफारीचं कापड वीतभर कमी भरतंय. शर्टाला एकच खिसा होईल." कुंदाबाई दोन दिवस त्याच्या मशीनसमोर ठाण मांडून बसली. "वीतभर कापड खाई गया ना तू? काढ पोटमातून!" शिंप्याने देवाची शपथ घेतली, मग मुलांची, शेवटी मशीनची घेतली. कुंदाबाईने एकही मानली नाही.

नंतर झुलालनाना पत्रिका वाटायला धुळ्याला जाऊन आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी थेट कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली!

"काय शे त्या पेटीमा?"

"कपाशीनं बियानं."

"बियानं कोन्ही पेटीमा ठेवस का?"

"उंदरं खातस," नाना म्हणाले आणि घाईघाईने बैलांना पाणी पाजायला गेले. बैलांना नुकतंच पाणी पाजून झालं होतं.

कुंदाबाईने मनात गाठ मारली. 'लग्न होऊ दे. मग या उंदराकडे बघते!'

लग्नाचा दिवस उजाडला. संध्याकाळचा मुहूर्त. वऱ्हाड आलं, बँड वाजला, आचाऱ्याने बट्ट्या भाजायला घेतल्या. झुलालनानांकडे वरण-बट्टीची देखरेख होती, त्यामुळे ते सकाळपासून गावाबाहेरच्या मळ्यात, धुरात होते. पार्वताबाईने शालूचं ताट आत पाठवलं, आणि कुंदाबाईने खोलीचं दार लावून कडी घातली.

कोकिळा हळदीच्या साडीत बसली होती. हातात चुडा, कपाळावर बाशिंग बांधायचं बाकी. कुंदाबाईने शालू उलगडला. राणी रंग, बरोबर. मोराचे बुट्टे, बरोबर. आता पदराचा कोपरा...

ठिपके नाहीत!

तिने दुसरा कोपरा बघितला. तिसरा बघितला. चौथाही. शालू सुलटा केला, उलटा केला, खिडकीशी नेला. ठिपक्यांचा मागमूस नाही!

"माय वं! शालू बदली टाका!"

तिच्या डोळ्यांपुढे तो जांभळा शालू उभा राहिला, तो दोन बोटांचा काठ, ती मांडवात रडणारी एकोणीस वर्षांची पोरगी. हिच्या नशिबी तरी ते नको, एवढंच तिला कळत होतं. ती शालू घेऊन तशीच मांडवात धावली.

"अक्का, हळू बोल!" पितांबरने हात जोडले. "बठ्ठा मांडव ऐकी ऱ्हायना!"

"ऐकू दे! या लोकेसनी शालू बदला! हाऊ तो शालू नही!"

बँड बंद पडला. एक क्लॅरिनेट तेवढं चुकून वाजत राहिलं, मग तेही ओशाळून थांबलं. सगळ्यांना वाटलं, पार्वताबाई आता शपथा घेणार. पण ती शांतपणे उठली आणि चष्मा नीट करत म्हणाली,

"हो. बदलला. मीच बदलला!"

नवरदेवाचे मामा तडक उभे राहिले. "बहिणीला भरमांडवात चोर म्हणतात? चला, वऱ्हाड माघारी घ्या!"

कोकिळा दारात येऊन उभी होती. "आत्या," ती कशीबशी म्हणाली, "मन्हं लगीन मोडशी का वं?"

कुंदाबाईने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा हातातल्या शालूकडे. पण माघार घेईल ती कुंदाबाई कसली! "कसाले बदला ते तर सांगा!"

"सांगते," पार्वताबाई म्हणाली. "दुकानदारांवर माझा काडीचा विश्वास नाही. घरी गेल्यावर मी शालू घडी घडी उलगडून तपासला. तर पदराच्या कोपऱ्यात तीन काळे डाग! म्हटलं, हा डागी माल माझ्या सुनेला? शेठच्या गादीवर तीन दिवस बसून राहिले मी! तसा दुसरा त्याच्याकडे नव्हता, सुरतेहून मागवायला लावला. काठ मोजून बघा, आधीच्यापेक्षा चार बोटं जास्तच आहे!"

दोन बायकांनी तिथल्या तिथे काठ मोजला. चार नाही, पाच बोटं जास्त निघाला!

कुंदाबाईने स्वतःचीही वीत लावून बघितली. आणि तेवढ्यात पार्वताबाईने तो प्रश्न विचारला.

"पण विहीणबाई, रंग तोच, बुट्टा तोच. काठ तर तुम्ही आत्ता मोजला. मग शालू बदललाय, हे तुम्ही ओळखलं कसं?"

"ते... आम्हनी नजर..." कुंदाबाईला ठसका लागला.

"तीन डाग होते," पार्वताबाई एक एक शब्द तोलत म्हणाली. "ओळीने. सुईने टोचल्यासारखे."

सगळा मांडव कुंदाबाईकडे बघू लागला. मामांच्या हातात पागोटं तयारच होतं. कोकिळा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता खोटं बोलावं तर पोरीचं लग्न जातं, आणि खरं बोलावं तर बावीस वर्षांची इज्जत! कुंदाबाईने डोळे मिटले, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि कुंकवाची डबी काढून पार्वताबाईच्या हातावर ठेवली.

"डाग मीच पाडात. बिब्बाना. तुम्ही शालू बदलशात, आसं वाटनं माले."

आयुष्यात पहिल्यांदाच तिची मान खाली गेली होती. पार्वताबाईने डबी उघडली. हुंगली. आणि म्हणाली,

"बिब्बा! अगंबाई, हे मला कसं नाही सुचलं?"

मग तिने स्वतःच्या कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक वीतभर तुकडा काढला. सफारीच्या कापडाचा! "तुम्ही घरी नेऊन कापड बदलाल म्हणून मी दुकानातच शेवटाकडून कापून घेतला. लग्नात ताडून बघायला."

सगळ्यांच्या माना नवरदेवाकडे वळल्या. नवरदेव एकाच खिशाच्या सफारीत उभा होता, आणि त्याने दुसऱ्या खिशाच्या जागेवर हात ठेवला. मांडवाच्या कोपऱ्यातून शिंप्याने, "अक्का, ऐकलं ना!" असा टाहो फोडला. मामांनाच आधी हसू फुटलं. मग कोण कुणाला आवरणार? बँडवाल्यांनी विचारलंही नाही, सुरूच केलं.

मुहूर्त साधला. कोकिळा रुंद काठाच्या शालूत अशी दिसत होती, की कुंदाबाई अंतरपाटाआड पोटभर रडली. पार्वताबाईने तिला रुमाल दिला. कुंदाबाईने तो घेण्याआधी दोन्ही बाजूंनी बघितला, पण सवयीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. झुलालनाना मळ्यातून आले होते, बट्ट्यांच्या धुराने डोळे लाल झालेले. मांडवात काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कुणाची छाती! त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली, पेटी उघडली आणि ती वर्तमानपत्राची गुंडाळी बायकोपुढे धरली.

"ले. बावीस वरीस व्हयनात, तो एकच शालू ऐकी ऱ्हायनू. धुळाले गयथू तव्हय शेठना दुकानमा दिसना, लई उनू."

कुंदाबाईने कागद सोडला. राणी रंग, मोराचे बुट्टे, वीतभर काठ! कपाशीचं बियाणं म्हणे! या माणसावर महिनाभर काय काय संशय घेतला आपण! तिने शालू गालाला लावला. मग हात आपोआप पदराच्या कोपऱ्याकडे गेला.

उलट्या बाजूला, ओळीने, काळेकुट्ट, तीन.

"थोडासा डाग शे," नाना ओशाळून म्हणाले. "शेठ सांगे, कोन्ही येडी बाईनी पाडा व्हई. पन काळजी नही. पहिला धुनामा निंघी जाई."

त्या दोघांत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, की तो डाग पहिल्याच काय, शंभराव्या धुण्यातही निघणार नाही. त्या माणसाने नवऱ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाद घालावासा वाटला नाही.

"व्हई, निंघी जाई," कुंदाबाई म्हणाली, आणि पदराचा तो कोपरा तिने हळूच कमरेला खोचला.