साहेबांचा चिमट्यावर जीव

ज्याचं आपल्या मालावर प्रेम नाही त्यानं तो विकू नये, आणि ज्याचं खरोखर प्रेम आहे त्याला तो विकवणार नाही. या दोन सत्यांच्या मधल्या अरुंद जागेत सगळं व्यवस्थापनशास्त्र उभं आहे. आमची कंपनीही तिथेच आहे, आत शिरल्यावर डाव्या हाताला.

आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे बनवतो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये एक स्प्रिंग. मी कर्मचारी विभागाचा उपप्रमुख आहे. (प्रमुखाची जागा अकरा वर्षं रिकामी आहे, त्यामुळे काम फार सुरळीत चालतं.) जुने मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा नवा मोठा साहेब कसा असावा, हा प्रश्न संचालक मंडळापुढे आला. हुशार असावा, असं एक संचालक म्हणाले. त्यांना खाली बसवण्यात आलं. दुसरे संचालक नुकतेच कुठलंसं व्याख्यान ऐकून आले होते. ते म्हणाले, साहेबाचं चिमट्यावर मनापासून प्रेम पाहिजे, बाकी सगळं भाड्यानं मिळतं. टाळ्या पडल्या. जुन्या साहेबांचं चिमट्यावर प्रेम नव्हतं, हेही त्याच बैठकीत उघडकीस आलं. ते बिचारे तीस वर्षं नुसतेच वेळेवर यायचे.

आता प्रेम मोजल्याशिवाय नेमणूक कशी करणार? म्हणून जिव्हाळा मापन समिती नेमण्यात आली आणि अर्जाचा नमुना करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अर्ज सात पानी झाला. गुणांची विभागणी अशी:

चिमट्याचं नाव घेताना आवाज कापणे: २५
डोळ्यांत पाणी येणे (एकाच डोळ्यात आल्यास निम्मे): ३०
चिमट्याची लहानपणीची आठवण (साक्षीदाराची गरज नाही): २०
चिमट्यापायी घरच्यांकडे केलेलं दुर्लक्ष: २०
चिमट्याविषयी माहिती: ५

घरी बायकोला अर्ज वाचून दाखवला. "एवढं सगळं आपल्या लग्नाआधी कुणी तुम्हाला विचारलं असतं तर मी सुटले असते," ती म्हणाली. (सूचना उशिरा आल्यामुळे विचारात घेता आली नाही.)

उमेदवार दोन आले. पहिल्या आमच्याच स्प्रिंग विभागाच्या बाई. सव्वीस वर्षं नोकरी, सगळा कारखाना त्यांना स्प्रिंगबाई म्हणतो. चिमटा दोन बोटांत एकदा दाबला की तो किती दिवसांत मान टाकणार, ते त्या सांगतात आणि तो तेवढ्याच दिवसांत टाकतो.

"चिमट्याविषयी तुम्हाला काय वाटतं?" अध्यक्षांनी हळुवार आवाजात विचारलं.

"गंजतो," बाई म्हणाल्या.

समिती पाणी प्यायली. बाई थांबेनात. "दोन महिने उन्हापाण्यात राहिला की स्प्रिंग गंजते, कपड्याला डाग पडतो. हॉस्पिटलच्या धुलाईघरानं अठरा हजार नग परत पाठवलेत. अजून दोघा-तिघांनी असंच केलं तर आपल्याला टाळं लागेल. माझ्या हाताखाली चौदा जणी आहेत, त्यांनी जायचं कुठं? न गंजणारी तार मिळते, साहेब. मी चाळीस चिमटे करून मागच्या अंगणात दोरीला लावलेत. मला हे पद दिलंत तर पहिल्या दिवशी तार बदलीन."

"घरी कुठले चिमटे वापरता?"

"दुसऱ्या कंपनीचे." बाईंना खोटं बोलता येत नाही. (हा दोष त्यांच्या फायलीत आधीपासून नोंदलेला आहे.) "सासूबाईंनी आपले केव्हाच फेकून दिले. म्हणाल्या, तुझी नोकरी तुझ्यापाशी, माझ्या चादरी माझ्यापाशी."

बाईंना शंभरपैकी नऊ गुण पडले. पाच माहितीचे आणि चार रविवारी कामावर आल्याचे.

दुसरे उमेदवार बाहेरचे. त्यांनी आधी बिस्किटांवर प्रेम केलं होतं, मग रंगांवर, मग नळांवर. तिन्ही कंपन्या बंद पडल्या, पण प्रेम शेवटच्या दिवसापर्यंत तसूभरही कमी झालं नाही, असं तिन्ही प्रमाणपत्रांत स्वच्छ लिहिलं होतं. टेबलावरचा चिमटा तळहातावर घेऊन ते चार मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आईनं माझा इवलासा सदरा दोरीवर घातला होता. वारा सुटला होता. सदरा उडाला नाही." आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. पाच सदस्यांपैकी चार जण रडले. पाचव्यांना ऐकू कमी येतं. (तो चिमटा बाईंच्या पिशवीतून पडलेला, दुसऱ्या कंपनीचा होता, हे नंतर लक्षात आलं. खरं प्रेम भेदभाव करत नाही, अशी नोंद घेऊन विषय संपवण्यात आला.) गुण पंच्याण्णव. माहितीचे पाच तेवढे गेले, कारण हा उघडतो कुठून, असं त्यांनी विचारलं होतं.

नवे साहेब आले आणि कारखान्याचं रूपच पालटलं. चिमट्याला 'माल' म्हणायची बंदी झाली. रोज सकाळी सगळ्यांनी चिमटा छातीशी धरून पाच मिनिटं डोळे मिटायचे. (झोप लागल्यास ती तन्मयता धरावी.) तक्रार विभाग बंद झाला. आपला तो बाब्या, त्याच्या तक्रारी परक्यांच्या तोंडून का ऐकाव्यात? जी पत्रं आली त्यांना एकच छापील उत्तर गेलं: "आपण चिमट्याला समजून घेण्याचा प्रयत्न केलात का?" पहिल्याच तिमाहीत तक्रारी शंभर टक्के घटल्या. एवढं यश जुन्या साहेबांना तीस वर्षांत मिळालं नव्हतं.

चार महिने झाले आणि स्प्रिंगबाई आपली दोरी घेऊन साहेबांच्या खोलीत शिरल्या. चाळीस चिमटे, प्रत्येकात पांढऱ्या कापडाचा तुकडा. मी तिथंच फायली घेऊन उभा होतो.

"बघा साहेब, उघड्यावर होते. एक डाग नाही."

साहेबांनी बराच वेळ बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. (रोजची सरासरी तीन पूर्णांक दोन दशांश वेळा.)

"म्हणजे तो आहे तसा तुम्हाला नकोय?"

"नकोच आहे. गंजतो ना तो."

"बाई, तुमचं त्याच्यावर प्रेमच नाही हो."

"नाही साहेब. चिमट्यावर कसलं प्रेम करायचं? दोरीवर लोकांचे धुतलेले कपडे असतात, त्यांची काळजी वाटते."

एवढं उघड बोलल्यावर साहेबांचा नाइलाज झाला. बाईंना कामावरून कमी करण्याचा आदेश मीच लिहिला. कारण: वस्तूविषयी उदासीनता. मला वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. बाईंना तो वाचून दाखवताना आवाज कापला. (कापण्याचे गुण फक्त चिमट्यासाठी असल्यानं मला मिळाले नाहीत.) बाईंनी आदेश घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही तरी बोलायचं होतंत." मी बोललो नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि बोलणं हे माझ्या कामाच्या यादीत नाही.

बाईंनी दिरांच्या गॅरेजमध्ये एक जुनं यंत्र बसवलं. चौदांपैकी सहा जणी त्यांच्याबरोबर गेल्या. न गंजणाऱ्या तारेचा चिमटा त्यांनी बाजारात आणला, किंमत आमच्याइतकीच. साध्या पाकिटावर फक्त 'डाग पडत नाही' एवढंच छापलेलं. आम्ही मनातून घाबरलो होतो. संचालक मंडळ तर गेटला लावायच्या कुलपाचा आकार ठरवत होतं.

तेवढ्यात साहेबांना सुचलं आणि आमच्या पाकिटावर त्यांचा फोटो आला: चिमटा गालाशी धरलेला, डोळे डबडबलेले. खाली ओळ, 'आमचा जीव आहे याच्यात.' पट्ट्या त्याच, स्प्रिंग तीच, गंजही तोच. विक्री दुप्पट झाली. हॉस्पिटलवाल्यांनीसुद्धा पुन्हा मागणी पाठवली. बाईंच्या गॅरेजचं शटर मागच्या महिन्यात बंद झालं, असं ऐकतो.

हे कसं झालं, ते बघायला मला मुद्दाम दुकानात पाठवण्यात आलं. दोन्ही पाकिटं एकाच फळीवर शेजारी शेजारी होती. लोक दोन्ही हातात घेत, बाईंच्या पाकिटावरची ओळ वाचत, मग साहेबांच्या फोटोकडे बघत आणि म्हणत, "किती मनापासून करतात, नाही?" दहापैकी नऊ जणांनी आमचं पाकीट घेतलं. दहावा चष्मा घरी विसरला होता, त्याला फोटो दिसला नाही.

त्या नऊ जणांत आपण होतात. निळी पिशवी, रांगेत तिसरे. कंपनी आपली अत्यंत ऋणी आहे. कपड्याला डाग पडला तर मात्र कृपया कळवू नये. साहेबांच्या मनाला फार लागतं.