'बे' म्हणलं की बॉल बंद

दिगंबरला भर म्याचमध्ये कुणी "दे बे!" म्हणलं, की तो बॉलवर पाय ठेवून उभा राहतो. समोर गोल मोकळा असला तरी. आधी विचारणार, "बे कुनाला म्हनला? मला नाव हाय."

आमच्या भागात दोस्त दोस्ताला बे म्हणतो, मालक गड्याला म्हणतो. मी बैलाला म्हणत आलो. बैलानं कधी मनावर घेतलं नाही. दिगंबर घेतो.

गडी सव्वीस वर्षांचा, टेम्पो चालवतो. खेळतो मात्र असा, की चौघं अंगावर आले तर मधून बॉल काढतो आणि ते चौघं एकमेकांना धडकतात. पण मागच्या म्याचला बे ऐकलं आणि जाऊन चिंचेखाली बसला. "माफी मागा, मंग येतो." आपले दहाच गडी उरले. हरलो.

मग संघानं ठरवलं, पूर्ण नाव घ्यायचं. "दिगंबरराव, बॉल द्या" म्हणून होईस्तोवर बॉल पार आपल्याच गोलात. शेवटी त्यानंच सूट दिली, "जा, नुसतं राव म्हना."

पाटोद्याच्या संघाशी म्याच ठरली तेव्हा सलीम माझ्याकडं आला. सलीम टेलर, आमचा कप्तान. माझी बायको गेल्या थंडीत गेली. तेव्हापासून घरात बसवत नाही, म्हणून मैदानावर चुन्याच्या रेघा ओढतो. कुणी समजूत घालायला आलं तर त्याच्या हातात घमेलं देतो.

"बाबा, दिगंबरला घ्यावं का? घेतला तर हरवील, न्हाई घेतला तर हरूच."

"मंग इचारतो कावून? घे."

"पुन्हा रुसला तर?"

"रुसला तर मी परत मैदानावर पाय ठेवनार न्हाई."

बोलून बसलो. मैदान गेलं असतं तर मला दिवस काढायला दुसरी जागा नव्हती.

मी दिगंबरला गाठलं. "एवढा खार कावून खातो रे त्या 'बे'वर?"

"बाबा, ऊसतोडीला माय-बाप मिळून एक कोयता मोजत्यात. मुकादम हाक मारायचा, 'ए कोयता, चल बे!' माझ्या बापाला नाव हाय, हे मला शाळेत घातलं तवा कळलं."

बायको आणि मी वीस वर्षं एक कोयता होतो.

म्याच एक-एकवर आली. थोडाच वेळ उरलेला. बॉल दिगंबरकडं, सलीम गोलापुढं मोकळा. घाईत सलीमच्या तोंडून गेलंच, "दे बे!"

झालं. दिगंबर थांबला. पाटोद्याचे दोघं त्याच्यावर धावले, हा बॉल पायाखाली फिरवत त्यांना हुलकावण्या देतोय आणि तोंडानं सलीमशी भांडतोय. सलीमनं कपाळावर हात मारला आणि रडकुंडीला येऊन ओरडला, "काय राव!"

"आत्ता कसं!" म्हणत दिगंबरनं बॉल सोडला. सलीम बेसावध. बॉल त्याच्या गुडघ्याला लागून गोलात गेला. जिंकलो. सलीमनं वैतागून म्हणलेला राव ह्यानं मानाचा समजून घेतला, हे अजून कुणी त्याला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर होतो. सलीम लांब जाळी बांधत होता. दिगंबर आला.

"सलीमभाईनं वर्षभर संघात ठेवलं मला."

"मंग तोंड असं कावून?"

"बाबा, काकूचं नाव काय होतं? माझा बाप आजारी होता तवा दोन महिने रोज भाकरी आनून द्यायच्या. मी नुसतं काकूच म्हनत राहिलो."

जन्मभर बायकोला "अगं ए" म्हणलं. लग्नात बायांनी नाव घ्यायला लावलं तर लाजून पळालो होतो. गाव तिला पोराच्या नावानं सदाची माय म्हणायचं.

"अनसूया," मी म्हणलं. हळूच.

"अनसूयाबाई," दिगंबर म्हणला, जशी ती समोर उभी आहे.

मग मी पुन्हा म्हणलं. मोकळ्या मैदानात, मोठ्यानं, दोनदा.

लांबून सलीम ओरडला, "काय झालं बाबा?"

"काही न्हाई," मी म्हणलं. "नाव घेतलं."