दहा झटक्यांचे मासिक

"पाचातलं एकच ठेवायचं, मिनोबे-सान," वाकिसाका म्हणाला. "कुठलं, ते तुम्ही ठरवा. पण त्या एकाच्या महिन्यात दहा प्रती खपल्या पाहिजेत. नाही खपल्या, तर हा खण मासेमारीच्या मासिकांना."

वाकिसाका वितरक कंपनीचा माणूस. मासिकांचे गठ्ठे त्याच्या कंपनीकडून येत, न खपलेले महिनाअखेर परत जात, आणि जेवढे परत जात तेवढे पुढच्या वेळी कमी येत. आपल्या दुकानात काय ठेवायचे ते आपण ठरवतो, असे साकिची मिनोबे चाळीस वर्षे समजत आला होता. खरे तर ते परत जाणारे गठ्ठेच ठरवत.

"त्यात ठरवायचं काय?" पडद्यामागून त्याची बायको तोमिए म्हणाली. "बंदराचं गाव आपलं. मासेमारीची मासिकं ठेवा, संध्याकाळपर्यंत संपतील. त्या कॉम्प्युटरच्या मासिकांना कुत्रं विचारत नाही."

"विचारतात," साकिची पुटपुटला.

"वाचतात. विचारत नाहीत."

हे मात्र खरे होते. चार वाजून गेले की समुद्रावरचे धुके गल्लीत शिरे, आणि त्याच्या मागोमाग उभ्याने वाचणारे लोक दुकानात शिरत. शेवटच्या खणापाशी, जिथे कॉम्प्युटरची पाच मासिके मांडली होती, तिथे ते तासन् तास उभे राहत. एकमेकांशी हळू आवाजात बोलत. साकिचीला त्यातले अक्षर कळत नसे. पण गल्ल्यामागे बसून ते बोलणे ऐकताना त्याला वाटे, आपण एखाद्या होडीत पाठ टेकून पडलो आहोत आणि खालून पाणी बोलते आहे. तो खण गेला तर ते लोक जातील, आणि मग चार वाजता नुसतेच धुके येईल. ही गोष्ट त्याने तोमिएला कधी सांगितली नव्हती. असल्या गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात. ती लगेच खिडकी लावून घेते.

प्रश्न एवढाच होता, की पाचातले एक निवडायचे कसे? कॉम्प्युटरचे ज्ञान साकिचीपाशी नव्हते. त्याच्यापाशी झटकणी होती.

बांबूच्या काडीला चिंध्या बांधलेली ही झटकणी तिथल्या प्रत्येक पुस्तकवाल्याच्या हातात असते. तिचे काम धूळ झटकणे नव्हे. फुकट वाचणाऱ्याला "आता पुरे, निघा" असे तोंडाने म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून दुकानदार त्याच्या कोपराशेजारच्या पुस्तकांवर फट फट करू लागतो, आणि वाचणारा समजून घेतो. चाळीस वर्षांच्या फटफटीतून साकिचीला एक शास्त्र गवसले होते. पाककृतीच्या मासिकांपाशी उभी असलेली बाई एका झटक्यात हलते. मासेमारीवाला दोन झटक्यांत. चित्रकथेवाली पोरे तीन-चार झटक्यांत. याचा अर्थ सरळ होता: जो जितके झटके सोसतो, तितके त्याला ते मासिक हवेसे असते.

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षा घेतली. 'कळफलक' वाचणारा पोस्टातला माणूस चौथ्या झटक्याला खाकरून निघून गेला. 'उद्याचे यंत्र' सहा झटक्यांना पडले. आणखी दोन मासिके पाचाच्या पुढे गेली नाहीत. मग तो 'मायकॉम तळे' (मायकॉम म्हणजे छोटा कॉम्प्युटर) वाचणाऱ्या चिनात्सुजवळ गेला. ही माध्यमिक शाळेतली मुलगी, दोन वेण्या, नाकावर घसरलेला चष्मा. साकिचीने दहा झटके मोजले. तिने पानावरची नजर काढली नाही. शेजारी तिच्याच खांद्यावरून डोकावणारा देवळातला तरुण भिक्षू रियोकाई होता. तोही हलला नाही. एक चिंधी तर त्याच्या तुळतुळीत डोक्यालाही लागली, तो म्हणाला, "आभारी आहे."

साकिचीने त्याच संध्याकाळी 'मायकॉम तळे' या एकाच मासिकाच्या पंधरा प्रती मागवल्या.

"पंधरा?" तोमिए म्हणाली. "कुठल्या हिशोबाने?"

"शास्त्राने," साकिची म्हणाला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पंधरा प्रती आल्या, आणि दुकान भरून वाहू लागले. आतापर्यंत एका प्रतीसाठी लोक ताटकळत असत. आता प्रत्येकाला स्वतंत्र प्रत मिळते, ही बातमी शाळेत पोचली, मग बर्फाच्या कारखान्यात पोचली. रोज संध्याकाळी बारा-पंधरा जण ओळीने उभे. त्यांना पाहून रस्त्यावरचे दोन कोळी मागे येऊन उभे राहिले. इथे काहीतरी फुकट वाटत असावेत असे त्यांना वाटले, आणि तसे पाहिले तर त्यांचे चुकले नव्हते. साकिची हरखून गेला. दहा दिवस तो हरखलेलाच होता. अकराव्या दिवशी तोमिएने विचारले, "किती खपल्या?"

साकिचीने खणातल्या प्रती मोजल्या. पंधरा होत्या.

मग पहिल्यांदाच त्याने झटकणी बाजूला ठेवून जवळ जाऊन नीट बघितले. चिनात्सुच्या हातात मासिक होते आणि मासिकाखाली वही होती. मासिकाची चार पाने नुसत्या आकड्यांनी आणि अधूनमधून इंग्रजी अक्षरांनी भरली होती, मुंग्यांच्या वारुळासारखी. ती ते आकडे एकेक करून वहीत उतरवत होती.

"हे काय गं, बाळ?"

"प्रोग्राम आहे, काका. हे सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये घातलं ना, की पडद्यावर काहीतरी दिसतं."

"काय दिसतं?"

"ते छापलेलं नाहीये. शेवटी कळतं."

"मग विकत का घेत नाहीस? घरी बसून घालता येईल."

चिनात्सुने चष्मा वर सारला. "मासिक चारशे ऐंशी येनला आहे, काका. वही साठला."

साकिचीच्या लक्षात आले, की आपल्या शास्त्रात एक लहानसे भोक आहे. लोक ज्या मासिकापासून हलत नाहीत, ते त्यांना अतिशय हवे असते हे खरे. पण ज्याला उभ्या उभ्याच सगळे मिळते, तो कशाला विकत घेईल? महिना संपायला अठरा दिवस उरले होते. तोमिए पडद्याआडून बघते आहे असे दिसल्यावर तो झटकणी जोरात चालवू लागला. रोज दोन तास फट फट. कोणी हलले नाही. लिहिणारे जास्तच वाकून लिहू लागले.

गावात कॉम्प्युटर तीनच होते. एक शाळेत, एक विजेच्या सामानाच्या दुकानाच्या काचेत, आणि एक देवळाच्या कचेरीत, जिथे रियोकाई भक्तांच्या पितरांच्या पुण्यतिथ्या त्यात भरून ठेवी. मुले वह्या घेऊन या तिन्ही ठिकाणी आकडे घालत बसली. आणि एकाही ठिकाणी काही दिसेना. पडदा काळाचा काळाच.

"छापणाऱ्यांनीच चूक केलीय," शाळेत ठरले. अकरा जणांनी मासिकाच्या कचेरीला अकरा पोस्टकार्डे लिहिली. प्रत्येकाने आपापल्या परीने चूक कुठे आहे तेही कळवले.

पाच दिवसांनी राजधानीतून दुकानात फोन आला. संपादकांचा आवाज थकलेला होता. "मिनोबे-सान, सगळ्यांनी तुमच्या दुकानाचं नाव लिहिलंय, म्हणून तुम्हाला विचारतो. देशभरातून एकही तक्रार नाही. तुमच्या एका गावातून अकरा आहेत. आणि अकरा जणांना अकरा वेगवेगळ्या ठिकाणी चूक सापडलीय. आम्ही सगळे आकडे चारदा तपासले. तुमच्याकडची हवा कशी आहे?"

"धुकं असतं," साकिची म्हणाला. याहून उपयोगाचे त्याला काही सुचले नाही.

त्यामागोमाग वाकिसाका हसतमुखाने हजर. "ऐकलं मी. अकरा पत्रं गेली म्हणे. म्हणजे अकरा प्रती तर खपल्याच."

"एकही नाही," पडद्याआडून तोमिए म्हणाली.

वाकिसाकाने खणाकडे पाहिले. मग ओळीने उभ्या वाचकांकडे पाहिले. "माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत," तो सावकाश म्हणाला, "न खपलेल्या मासिकाबद्दल तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय. सोमवारी गठ्ठा न्यायला येतो."

तो गेल्यावर साकिचीने चिनात्सुकडून तिची वही मागून घेतली. खुर्ची ओढली, चष्मा लावला, एका बाजूला मासिक आणि एका बाजूला वही ठेवून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत निघाला. तास गेला. पहिली चूक सापडली तेव्हा तो थांबला. मासिकात एक होता, वहीत सात. जरा पुढे मासिकात शून्य, वहीत नऊ. त्याने वही डोळ्यांजवळ धरली. चिनात्सुने लिहिला होता एकच, सरळ उभा इंग्रजी एक. पण त्याच्या डोक्याला बारीक फरकाटा ओढला गेला होता. शून्यालाही तशीच शेपूट फुटली होती. लिहिणाऱ्याच्या कोपराला कोणीतरी हलकेच ढोसावे, तसा तो फरकाटा.

साकिचीने तो फरकाटा बोटाने गिरवून पाहिला. मग त्याने गल्ल्याला टेकवलेली झटकणी उचलली आणि हवेत एकदाच हलवली. फट. फरकाटा नेमका तेवढाच होता.

चाळीस वर्षांत हे त्याने किती कोपरांना केले असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने झटकणी फार हळू खाली ठेवली.

कबूल केलेच नसते तरी कोणाला कळले नसते. संपादकांनी धुक्याला दोष दिला असता. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता साकिची त्या ओळीसमोर उभा राहिला आणि कमरेतून वाकला. "मासिकात चूक नाही. चूक माझ्या हातात होती," असे म्हणून त्याने झटकणी दाखवली. मग चिनात्सुला हसू फुटले, आणि ते ओळीच्या शेवटापर्यंत पोचले.

"म्हणजे प्रत्येकाची चूक वेगळी का, ते कळलं," रियोकाई डोके चोळत म्हणाला. "माझ्या वहीत तर एका ओळीत चार नऊ आहेत."

"आता पुन्हा सगळं लिहायचं?" चिनात्सु म्हणाली.

"लिहून भागणार नाही," रियोकाई म्हणाला. "एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी छापलेल्यावर बोट ठेवून ऐकायचं. सूत्रपाठ करतो तसं. म्हणजे वाचणारा चुकला तर कोणीतरी धरेल. रविवारी देवळात करू या. पण एक आहे. सूत्रपाठाला दोघांत एक पोथी चालत नाही. एक जण पान लवकर उलटतो आणि दुसऱ्याचा परलोक चुकतो."

"दुकानातल्या प्रती न्यायच्या का मग?" बर्फाच्या कारखान्यातल्या एकाने विचारले.

"न विकलेलं पुस्तक देवळात आणायचं?" रियोकाई म्हणाला. "बुद्ध काही म्हणणार नाही. मी म्हणेन."

शनिवार संध्याकाळपर्यंत नऊ प्रती गेल्या. कोणी आजीकडून पैसे आणले, कोणी वाढदिवसाचे मोडले. दहावी काही जाईना. साकिचीने गल्ला तीनदा उघडून पाहिला, जणू दहावे गिऱ्हाईक आत लपून बसले असावे.

रविवारी देवळात धुके उंबऱ्यापर्यंत आले होते. रियोकाई कॉम्प्युटरपुढे बसला. साकिची त्याची प्रत घेऊन वाचायला बसला, कारण अपराध त्याचा आणि आवाजही त्याचाच सगळ्यांत सावकाश. चिनात्सुच्या हातात लाकडी मासा दिला होता. पाठाला ताल धरायला देवळात हा पोकळ मासा असतो. एक ओळ संपली की ती त्यावर टोक्, असे वाजवायची.

"तीन, इ, शून्य, एक," साकिची वाचू लागला. "सी, डी, सात, नऊ." टोक्. "दोन, एक, शून्य, शून्य." टोक्.

पहिल्या पानानंतर त्याला आपण काय वाचतो आहोत याचे भान राहिले नाही. आकडे एकामागून एक येत होते, पाणी जसे येते तसे. मुलांची बोटे पानांवर एकदम सरकत होती. कुठे अडखळले की चार आवाज एकदम म्हणत, "सात नाही, एक," आणि तो मागे जाऊन पुन्हा धरी. शेजारची एक म्हातारी आत आली, कोणाचे तरी श्राद्ध आहे असे समजून हात जोडून मागे बसली, आणि तिला गाढ झोप लागली. तिसऱ्या पानाच्या सुमाराला दार सरकले. तोमिए आली होती. तिच्या हातात 'मायकॉम तळे' होते.

"अहो, असं बघता काय?" ती कुजबुजली. "देवळात रिकाम्या हाताने यायचं का मी? माझ्या पाकिटातून पैसे टाकलेत गल्ल्यात. वाचा तुम्ही."

साकिचीने वाचले. एकही आकडा चुकला नाही.

शेवटची ओळ झाली. टोक्. रियोकाईने कळ दाबली. पडदा काळाच राहिला, आणि सगळे श्वास धरून बसले. मग काळ्यातून हळूहळू निळे वर आले. निळ्याच्या काठावर एक इवलासा माणूस उभा राहिला. त्याच्या हातात काठी होती, काठीला दोरी होती. दोरी पाण्यात गेली. बराच वेळ काही झाले नाही. मग एक तरंग उठला, आणि चार चौकोनांचा एक मासा पाण्याबाहेर उडी मारून पुन्हा आत गेला.

मागची म्हातारी जागी होऊन म्हणाली, "शांत गेला हो."

"मी पहिल्यापासून सांगत होते," तोमिए म्हणाली, "की या गावात मासेमारीच चालणार."

सोमवारी वाकिसाका गठ्ठा न्यायला आला, त्याला पाचच प्रती मिळाल्या. त्याने दहा विकलेल्या प्रतींचा आकडा दोनदा वाचला आणि गठ्ठा उचलून निघून गेला. खण वाचला.

जूनचा अंक आल्यावर चार दिवसांनी तो पुन्हा डोकावला. "पुढच्या महिन्याचं काय, मिनोबे-सान? हेच ठेवायचं की दुसरं बघायचं?"

"थांबा, बघून सांगतो," साकिची म्हणाला आणि त्याने सवयीने झटकणी उचलली.

शेवटच्या खणापाशी त्या वेळी एकच वाचक होता. पाठमोरा, कमरेला एप्रन, मासिकाखाली वही. साकिची त्याच्या कोपरापासून चांगला हातभर लांब उभा राहिला आणि झटकू लागला. एक झटका. दोन. पाच. आठ. दहा झाले तरी तोमिए तसूभर हलली नाही.

"अहो, जरा तिकडे झटका ना," पानावरून नजर न काढता ती म्हणाली. "आकडा चुकेल."

साकिचीने झटकणी खाली ठेवली.

"वीस पाठवा," तो वाकिसाकाला म्हणाला.