‘सवत’ बंदुकीचा धक्का व राहीबाईचा हात

॥ श्री ॥ आधी नमन गजाननास, मग कुलस्वामिनीस, आणि मग ज्या खांद्यांनी राज्याचा भार साहिला त्या सर्व खांद्यांस. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थीनाम संवत्सर, आश्विन मास. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की वारस भांडतात. या राज्याचे गडावर एक थोर बंदूक होती, नळी ऐसी की आत अंगठा सैल फिरावा, आणि धक्का ऐसा की नवख्याने बार काढून उताणे पडावे आणि उठल्यावर आपले नाव पुसावे. ती बंदूक सटवोजी काटकर यांजकडे होती आणि तिचे नाव ‘सवत’ हे त्यांची स्त्री राहीबाई हिने ठेविले, कारण की घरधनी जेवणाआधी बंदुकीस तेल लावीत. गडाची चाल ऐसी की दसऱ्याचे दिवशी दरीपलीकडे साखळीने पोलादी तवा टांगावा आणि बंदूकवाल्याने तो एका बारात वाजवावा. वाजला तर बंदूक आणि बुरुजावरील घर त्याचे, न वाजला अथवा त्याने बंदूक खाली ठेविली तर दोन्ही दुसऱ्याचे. आणि बारासमयी एक पाठीवाला मागे उभा राहून बंदूकवाल्याचे पाठीस तळहात लावी, म्हणजे धक्का दोघांत वाटला जाई.

सटवोजींनी बहुत वर्षे तवा वाजविला. मग पावसाळ्याआधी एके दिवशी नळीत दारू अधिक पडली आणि सवतीने ऐसी लाथ मारिली की खांद्याचे हाड मोडिले. हाड वैद्याने बसविले, परंतु भय बसले ते उठेना. चाप ओढण्याआधीच डोळे मिटत आणि खांदा मागे सरे, मग बंदुकीचा दस्ता व खांदा यांत फट पडे, आणि गोळी आभाळात जाऊन धक्का दुपटीने लागे. पाठीवाला एकदा खाली सापडला आणि पोटदुखीचे निमित्त सांगोन गावी गेला. दुसरा कोणी मिळेना. मानकरी मिशीत हसो लागले, आणि यमाजी पिसाळ म्हणोन एक जवान, मनाचा वाईट नव्हे, परंतु येता-जाता बुरुजावरील घराचे परसू न्याहाळो लागला.

तेव्हा राहीबाई बोलिली, “उद्यापासनं बंदूक म्या भरनार. तुमी निस्ता नेम धरा.” आणि ती कधी भरी, कधी रिकामीच हाती देई, आणि काय केले ते सांगत नसे. एके सकाळी चाप ओढिला तो बार नाही, आणि तरी सटवोजी साप पाहिल्यागत मागे उडाले. मग बंदूक टेकवून खाली बसले आणि म्हणाले, “राहे, मी भ्यालो गं.”

“भ्यालात तर भ्यालात. खांद्यानं मार खाल्लाय, त्यो इसरंल कसा? पर तिला लांब धरलं की ती जास्त मारतीया. जवळ घ्या, घट्ट. म्या हाय मागं.” ऐसे म्हणोन तिने पाठीस तळहात लाविला. हे ऐकिले तेव्हा आम्हां लिहिणारास गहिवर आला. तो लपवीत नाही.

दसऱ्यास महाराजांची खासा स्वारी बुरुजावर आली. बायकोने पाठीशी उभे राहावे की न राहावे, यावर मानकऱ्यांनी बहुत वाद घातला, आणि शास्त्रीबोवांस आधार सापडेना. मग महाराजांनी आज्ञा केली, “ज्यास हरकत असेल त्याने स्वतः मागे उभे राहावे.” सर्व मंडळी आपापले जोडे पाहो लागली. सटवोजींनी हळूच पुसिले, “भरली आहे की रिकामी?”

“रिकामी हाय. चाप वडा.”

भर दरबारात रिकामी कैसी असेल? सटवोजींस हे कळत होते, आणि त्यांस कळते हे तिलाही कळत होते. परंतु पाठीवर हात होता. मग त्यांनी दस्ता खांद्यात ओढून घेतला, भार पुढील पायावर दिला, डोळे उघडे ठेविले आणि चाप ओढिला. बार झाला, दोघे मागे सरली, पडली नाहीत, आणि दरीपलीकडे तवा ऐसा घणघणला की माचीवरची गुरे उठोन उभी राहिली.

महाराज बहुत प्रसन्न जाहले आणि हातातील सोन्याचे कडे काढोन दिले. सटवोजी ते बाईच्या हाती घालावयास वळले, तो तिचे मनगट सुजून टम्म, काकणे फुटोन रुतलेली. “काय न्हाई, तव्याकडं बघा,” ती म्हणाली. सटवोजी भर दरबारात रडले. मग सवतीस उचलून महाराजांचे पायांशी ठेविली आणि विनंती केली की, “तवा वाजला, आता पुरे. हा हात पुन्हा मागे लावू देणार नाही.”

“अवं, घर जाईल!” बाई ओरडली. “येवडं शिकवलं त्ये काय याच्यासाटी?”

“जाऊ दे.”

एवंच, बंदूक व घर चालीप्रमाणे यमाजी पिसाळांस गेले, आणि ही उभयता माचीवर झोपडी बांधोन राहिली. बाई बहुत रागावली. तिचा उजवा हात चालत नव्हता, म्हणोन सटवोजी दोन्ही वेळा भाकरी दुधात कुसकरून आपल्या हाताने तिला भरवीत. ती भिंतीकडे पाहात बसे, आणि घास आला की तोंड उघडी.