खिशातला प्लग

अकोल्याच्या रस्त्यावरचं ते लग्नाचं लॉन मनोजचं होतं आणि मनोज डोमाजींचा होता. तरी लॉनवर डोमाजींचं काडीचं चालत नव्हतं. उभी हयात विजेच्या खांबांवर काढून लाइनमन रिटायर झाला, की घरातले त्याला आधी मान देतात, मग नुसता चहा देतात आणि शेवटी सल्ले देतात. डोमाजी आता सल्ल्यांवर आले होते.

"बाबा, गवताच्या मशीनले हात लावू नका," अमरावतीला निघताना मनोजनं बजावलं. "बेल्ट घसरून राहिले, पण उद्याचं लग्न निघून जाईन. तुमी हात लावला का वस्तू बिघडते."

हे डोमाजींच्या काळजाला लागलं. पोराची गाडी वळताच त्यांनी बाजारातून स्वतःच्या पेन्शनीतून नवे बेल्ट आणले. काम मात्र शिस्तीत केलं. इंजीन गार होऊ दिलं, जाड हातमोजे चढवले, जुने बेल्ट कोणत्या चाकावरून कसे फिरतात त्याचं चित्र काढून ठेवलं. आणि लाइनमनचा पहिला धर्म पाळला. खांबावर चढायचं तर फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे खालचा कोणी गाढव लाइन सुरू करत नाही. इथे फ्यूज नव्हता, म्हणून त्यांनी इंजिनाचा प्लग काढला.

बेल्ट असे बसले की पाहत राहावं. डोमाजी पाहतच राहिले होते, तेवढ्यात त्यांची बायको आशाबाई ओरडत आल्या.

"अवं, बाळापूरची बस निघून जाईन ना. भाचीचं साक्षगंध हाये का मशीनचं?"

डोमाजींनी हात धुतले आणि बस गाठली. प्लगही त्यांच्याबरोबर बाळापूरला गेला.

दुसऱ्या दिवशी ते परतले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मशीन काही केल्या सुरू होईना म्हणून मनोजनं ऐनवेळी मजूर लावून विळ्यांनी गवत कापून घेतलं होतं आणि संतापाच्या भरात मशीन गुलफाम भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. डोमाजींनी खिसा चाचपला आणि तोंड मिटलं. पोटच्या पोराला खरं सांगायची भीती वाटावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं गुलफाम तेच मशीन घेऊन गवत कापायच्या ठेक्यावर लॉनवर हजर झाला. मशीन लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं.

"बेल्ट मस्त टाकले तू," मनोज म्हणाला.

"मैंने नहीं डाले, भाऊ. तुमच्याकडूनच असे आले. जिसने डाले वो उस्ताद आदमी है."

मनोज सावकाश बापाकडे वळला. कित्येक वर्षांत त्यानं त्यांच्याकडे असं कौतुकानं पाहिलं नव्हतं. डोमाजींचा ऊर भरून आला. तोंड उघडणार, एवढ्यात गुलफाम पुढे बोलला, "बस, अंदर प्लगच नव्हता. वो किस गधे ने निकाला, समझा नहीं. नहीं तो इतनी अच्छी मशीन कोई भंगार में देता है क्या?"

"बाबा," मनोजनं विचारलं, "बेल्ट तुमी टाकले होते का?"

"मी?" डोमाजी म्हणाले. "मी तं बाळापुरात होतो."