तुमची वेळ ठरली आहे

"बाबा, सत्तरच अक्षरं मिळतात," मुलगी म्हणाली. "मधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून धरतात. एक जरी जास्त झालं की एका मेसेजचे दोन होतात."

"मग काट की काहीतरी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

वडील खिडकीशी बसून सुरीच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवत होते. कारखान्याची टूलरूम बंद झाल्यापासून धार पारखायला त्यांच्यापाशी घरातल्याच सुऱ्या उरल्या होत्या. म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन धार लावून देण्याचा धंदा काढला होता आणि मुलगी त्याची वेबसाइट करत होती. शनिवारपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तर सोमवारपासून मेव्हण्याच्या गोदामात पोती मोजायला बसायचं, असं ठरलेलं होतं. मेव्हण्याने त्यांच्यासाठी खुर्चीही घेऊन ठेवली होती. त्या खुर्चीचा विषय निघाला की वडील उठून पाणी प्यायला जात.

मुलगी संख्याशास्त्र शिकलेली. अनावश्यक ते खोडायचं, ही तिची सवय. तिने आधी 'नमस्कार' खोडला. मग धंद्याचं नाव खोडलं, कारण ते वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत होतंच. 'धार लावण्यासाठी' हे शब्दही गेले. उरलं ते असं : 'तुमची वेळ ठरली आहे. शनिवारी चार वाजता. आमचा माणूस येईल.'

"सुटसुटीत झालंय," वडील म्हणाले.

आई पूर्वी वसाहतीच्या समितीवर होती, त्यामुळे सगळ्यांचे नंबर तिच्याकडे होते. मुलीने ते 'निमंत्रण द्या' या रकान्यात टाकायचे, ते 'नोंदणी झाली' या रकान्यात टाकले आणि बटण दाबलं. अख्ख्या वसाहतीला एकच वेळ मिळाली.

चूक तिच्या लगेच लक्षात आली. तिने 'सर्व रद्द करा' दाबलं. पण आदल्या दिवसापासून वेळ रद्द होणार नाही, हा नियम तिनेच घातलेला होता. साइटने तो सगळ्यांना कळवला : 'वेळ रद्द होणार नाही. तयार राहा.'

"आता काय गं?" आईने विचारलं.

"आता काहीच दाबत नाही."

"वेळ दिलीय तर जायला हवं," वडील म्हणाले. त्यांनी यंत्र काळ्या पेटीत भरलं. वंगणाचे डाग दिसू नयेत म्हणून काळा शर्ट घातला.

चार वाजता वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. झोपाळा नुकताच कुणी उतरल्यासारखा हलत होता. बागेतला नळ तसाच वाहत होता. दोरीवर अर्धेच कपडे वाळत घातलेले, बाकीचे खाली बादलीत पिळून पडलेले. वडिलांनी नळ बंद केला आणि मग आपल्याच पावलांचा आवाज त्यांना फार मोठा वाटायला लागला.

पहिल्या दाराची बेल वाजवली, तसा आतला टीव्ही गप्प झाला. दाराच्या भिंगामागचा उजेड गेला. कुणीतरी पलीकडून पाहत होतं आणि श्वास रोखून होतं. दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारामागे काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला.

इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्याच क्षणी जिन्यातल्या प्रत्येक बंद दारामागे तसाच एकेक फोन वाजला. 'वेळ झाली. दार उघडा.'

एकही कडी निघाली नाही. त्यांनी वरच्या मजल्यावरही बेला वाजवून पाहिल्या. काही वेळाने सगळे फोन पुन्हा एकदम वाजले : 'दार उघडलं नाही. आम्ही पुन्हा येऊ.' आतून कुणीतरी बारीक किंचाळलं. वडिलांना दरदरून घाम फुटला. नेमकी भीती कशाची, ते मात्र त्यांना कळेना. डोळ्यांसमोर मेव्हण्याची खुर्ची आली. ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

तिथलं एक दार सताड उघडं होतं. आत एक आजी चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. खोली आवरलेली. फ्रिज रिकामा, दार उघडं, प्लग काढलेला.

"अर्धा तास उशीर," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, विसरलात. निघायचं ना?"

"निघायचं कशाला, आजी? मी कुठे नेत नाही. इथेच उरकतो."

"इथेच?" आजींनी पेटीकडे पाहिलं. "वेळ लागतो?"

"छे! दोन मिनिटांत होतं. हात बसलेला आहे."

"दुखतं का हो?"

"कुणाला?"

"मला. दुसऱ्या कुणाला?"

वडिलांनी पेटी उघडून दगडी चाक दाखवलं. "आजी, मी धारवाला. सुऱ्या, कात्र्या असतील तर द्या. पहिली फुकट."

आजींनी मांडीवरची पिशवी खाली आपटली. "मेल्या," त्या म्हणाल्या, "चांगलं दही होतं, ते शेजारी देऊन बसले मी!" मग त्या गॅलरीत गेल्या. "अरे, उघडा दारं! नुसता धारवाला आहे! आणि माझं दही परत करा!"

वडील चाक घेऊन जिन्यात आले. कड्या निघाल्या. एकेक दार किलकिलं झालं. आणि मग जिन्याच्या दोन्ही बाजूंनी, एक शब्द न बोलता, अख्खी वसाहत हातात उघडी सुरी घेऊन वडिलांच्या दिशेने येऊ लागली. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि चाक पोटाशी धरलं.

"आधी माझी," सर्वांत पुढचा माणूस म्हणाला. "टोमॅटोसुद्धा कापत नाही."

दिवेलागणीला सगळ्यांचे फोन शेवटचे वाजले : 'तुमची वेळ संपली. कसं वाटलं ते कळवा.' या वेळी कुणी किंचाळलं नाही. रांगेतले लोक हसले, पण जरा जपूनच.

घरी आईने भावाला फोन लावला. "दादा, सोमवारी हे नाही यायचे. ह्यांची वेळ भरली." पलीकडून भावाने दबक्या आवाजात विचारलं, "कधी?"

मुलगी सगळे मेसेज पुन्हा लिहायला बसली. तेवढ्यात वेबसाइटवर पहिला अभिप्राय आला, तिसऱ्या मजल्यावरून. चार तारे.

'माणूस सभ्य आहे. धार उत्तम. उशिरा आला, पण त्याबद्दल तक्रार नाही.'