जवाची आंबील

ज्या कुणी शहाण्याने त्या खोक्यावर 'घरच्या घरी बिअर, कुणालाही जमेल' असं छापलंय, तो खोटारडा आहे. हे त्याच्या तोंडावर सांगायला धम्मपाल कधीही तयार होता. पाणी किती तापवायचं, यीस्ट कधी टाकायचं, बादलीचं झाकण कसं लावायचं, सगळं लिहिलंय त्या शहाण्याने. पण घरात सासू आली तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही!

धम्मपाल वोल्फ्सबुर्गमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचा. त्याला बिअर पिण्याची हौस बेताची, बनवण्याची मात्र अफाट. बादलीच्या झाकणावरच्या नळीतून पहिला बुडबुडा आला, तेव्हा त्याने बायकोला मीटिंगमधून उठवून आणलं.

"यामिनी, बघ बघ! श्वास घेतेय!"

"बारसं कधी करायचंय?" यामिनी म्हणाली. "आणि तुझ्या या बाळाला लपवायचं कुठे ते ठरव. आई पुढच्या महिन्यात नाही, परवाच येतेय."

धम्मपालचा चेहरा उतरला. सासूबाई, म्हणजे कांताबाई, नागपूरच्या त्यांच्या वस्तीतल्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्षा. पंचशील नुसतं म्हणणाऱ्या नव्हेत, अंमलात आणणाऱ्या. हातभट्टीचा वास त्यांना तीन गल्ल्यांवरून यायचा आणि मग पदर खोचून, हातात मुसळ घेऊन त्या मडकी फोडायला निघायच्या. धम्मपालला त्यांनी मुलगी दिली ती त्याची पीएच.डी. बघून नव्हे. "पोरगा निर्व्यसनी हाय," एवढ्या एका वाक्यावर ते लग्न ठरलं होतं.

नशीब एवढंच, की विमानातल्या गारठ्याने त्यांचं नाक गच्च बसलं होतं. तरी आल्या आल्या नजर बादलीवर गेलीच.

"जावईबापू, काय होय हे? गुडगुड करून रायलं."

"आंबील, आई. जवाची आंबील. पोटाला चांगली असते."

यात खोटं काय होतं? जव होते, पाणी होतं, आंबत होतं. यामिनी मात्र भांडी घासायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाली आणि तिथे टॉवेलात तोंड खुपसून हसत राहिली.

"थंडीत आंबवण येत नसते बापा," कांताबाई म्हणाल्या. "माझ्यावर सोडा."

त्याने सोडलं नाही, पण त्या थांबल्याही नाहीत. बुडबुडे थांबल्यावर त्याने हौसेने बाटल्या भरल्या, प्रत्येकीत मोजून साखर घातली, टोप्या दाबल्या आणि तो ऑफिसला गेला. इकडे अजूनही नाक बंद असलेल्या कांताबाईंनी एकेक बाटली उघडली, तीत नागपूरहून आणलेला गुळाचा खडा टाकला, टोपी पुन्हा दाबली आणि सगळ्या बाटल्या बाथरूममध्ये हीटरला चिकटवून वर आपली शाल पांघरली. इडलीचं पीठ असो, आंबील असो, लेकराला न्हाऊ घातल्यावर गुंडाळतात तसं गुंडाळायचं, ही त्यांची रीत.

रविवारी दुपारी, जर्मनीत खिळा ठोकायचीसुद्धा चोरी असते अशा वेळी, बाथरूमच्या बंद दाराआड पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग दिवाळीच.

"काय झालं?" धम्मपाल ओरडला.

"आंबली!" कांताबाई आनंदाने ओरडल्या. "मी म्हटलं नव्हतं? गूळ टाकला ना मी!"

"गूळ?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे क्र्यूगरसाहेब, घरातल्या चपलांवर, लालबुंद. "रविवार आहे! पोलिसांना फोन करू का?" पोलीस म्हणजे घरमालक, घरमालक म्हणजे घर गेलं. धम्मपालला दुसरं काही सुचेना. एक वाचलेली बाटली त्याने त्यांच्यासमोरच उघडली. फवारा छताला लागला. उरलं ते त्याने ग्लासात ओतून पुढे केलं.

क्र्यूगरांनी संशयाने एक घोट घेतला. मग दुसरा. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"हे कोणी केलं?"

भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. कांताबाईंनी छातीवर हात आपटला. "मी! मी केलं! यामिने, फोटो काढ माझा या बाप्यासंगं."

"आई, नको गं."

"काढ म्हणते ना!"

फोटो निघाला: मधे फेसाळता ग्लास, एका बाजूला क्र्यूगर, दुसऱ्या बाजूला बाटली छातीशी धरलेल्या कांताबाई. धम्मपाल "आई, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली ओळ: 'माझ्या हातची आंबील, जर्मन मानूस खुश.'

आणि मग क्र्यूगरांनी ग्लास उंचावून डोळे मिटले. "आह! गुटेस बिअर!"

अख्ख्या जर्मन भाषेत कांताबाईंना कळण्यासारखा तो एकच शब्द होता.

"काय म्हनला हा?"

क्र्यूगर जोरजोरात मान डोलावत "गेनाऊ, गेनाऊ, बिअर!" म्हणत ग्लास पुढे करत होते, अजून हवी म्हणून.

फोन वाजला. मंडळाच्या उपाध्यक्षा कुसुमताई. कांताबाईंचं बोट नेहमीप्रमाणे स्पीकरवर पडलं.

"अध्यक्षबाई, त्या गोऱ्याच्या गिलासातला फेस आमच्या वळखीचा हाय! साऱ्या बाया जमून बसल्या इथं. भट्टी लावनाऱ्याचं नाव चौकात माइकवर घ्यायचं, हा नियम तुमीच केला. माइक चालू हाय. बोला!"

कांताबाईंनी फोनवर तळहात दाबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"जावईबापू, आंबवलं तुमी, गूळ टाकला मी. झटकन सांगा, कोनाचं नाव घेऊ?"